गप्प बसणं हेही लक्षण असतं

अंबरनाथची आयुध निर्माणी, काडेपेटीचा कारखाना, आनंदनगर एमआयडीसीतले लहान-मोठे प्लँट, उल्हासनगरच्या पाच कॅम्पांतली दुकानं आणि गाळे यांत उभी हयात घालवलेली पिढी आता साठी-सत्तरी ओलांडून घरी बसली आहे. मुंबईतली खोली सोडून जरा मोठ्या जागेत राहायला आलेली कुटुंबं बदलापुरात पुष्कळ आहेत. या पट्ट्यातल्या घरांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. बदलापूर ते सीएसएमटी हे अंतर साधारण ६८ किलोमीटर. मुलगा-सून सकाळी बाहेर पडतात ते दिवेलागणीनंतरच परततात. अशा घरात बाबा दिवसभर खुर्चीत बसून असतील, टीव्ही लावला तर बघत आणि बंद केला तर भिंतीकडे बघत, तर त्याची तक्रार कोणी करत नाही. उलट 'त्यांचा काही त्रास नाही हो' असं कौतुकानं सांगितलं जातं. विचारलंच, तर बाबाही म्हणतात, "मला काय धाड भरलीय?" या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की हे बसून राहणं आणि 'मला काही झालेलं नाही' हे उत्तर, या दोन्ही गोष्टी कित्येकदा स्मृतिभ्रंशाची लक्षणं असतात. त्या गाजावाजा करत नाहीत, म्हणून आजार वर्षानुवर्षं घरातच लपून राहतो. आपण त्यांना वय म्हणतो, स्वभाव म्हणतो, आळस किंवा हट्ट म्हणतो. या गैरसमजाची किंमत रुग्णही मोजतो आणि त्याला सांभाळणारी सून, लेक किंवा बायकोही.

आजार काही दुर्मीळ नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ९ टक्के, पुरुषांमध्ये ५.८ टक्के. ग्रामीण भागात ८.४, तर शहरी भागात ५.३ टक्के. स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी करणाऱ्या अनेक आजारांचा तो समान परिणाम आहे. त्यात अल्झायमर सर्वांत जास्त आढळतो, पण रक्तवाहिन्यांच्या बिघाडातून होणारा, लेवी बॉडीचा आणि मेंदूच्या पुढच्या भागापासून सुरू होणारा फ्रंटोटेम्पोरल असे इतर प्रकारही आहेत. लोकांच्या मनात मात्र चित्र एकच असतं: माणूस चष्मा विसरतो, नावं विसरतो, घरचा रस्ता विसरतो. प्रत्यक्षात अल्झायमरच्या रुग्णांच्या वागण्यातल्या बदलांवर झालेले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सर्वांत वर आलेला बदल चिडचिड किंवा भटकणं हा नव्हता. तो होता उमेद हरपणं, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ॲपथी. सुमारे निम्म्या रुग्णांत ती आढळली.

ॲपथी म्हणजे दुःख नव्हे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट मारिन यांनी १९९० च्या सुमारास तिची नेमकी व्याख्या केली. शुद्ध हरपलेली नाही, बुद्धीनं पूर्ण दगा दिलेला नाही, मनाला वेदना नाही, तरीही काही करावं असं वाटणंच कमी झालं आहे, ही ती अवस्था. पुढच्या संशोधकांनी तिचे तीन पदर वेगळे केले. एकात गोष्टींची गोडी वाटत नाही: नातवाचा पहिला नंबर आला काय आणि नाही आला काय, चेहरा तोच. दुसऱ्यात बेत आखता येत नाही, म्हणून कामाला हात घातला जात नाही. तिसरा पदर सर्वांत गंभीर. त्यात कृतीची सुरुवातच आतून होत नाही. समोर स्टुलावर चहाचा कप ठेवला, तर तो तासाभरानं तसाच थंडगार सापडतो. तोच कप हातात दिला, "घ्या, प्या" म्हटलं, की माणूस तो नीट, न सांडता संपवतो. कारखान्यातल्या माणसाला हे चटकन कळेल: मोटर शाबूत आहे, स्टार्टर जळला आहे. मेंदूच्या पुढच्या भागातून खोलवरच्या गाठींकडे जाणारी आणि परत येणारी जी मंडलं असतात, त्यांतच इच्छेचं कृतीत रूपांतर होतं. ही मंडलं तुटली की माणूस आळशी होत नाही, त्याच्याकडून सुरुवातच होत नाही. नैराश्यात माणूस रडवेला असतो, स्वतःला दोष देतो, 'मी ओझं झालोय' म्हणतो. ॲपथीत असं काहीच नसतं. दोन्ही एकत्र असू शकतात, पण त्यांत गल्लत केली तर उपचार चुकतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी ॲपथी वाढल्याचंही दिसून आलं आहे.

आता दुसरं लक्षण. १९१४ मध्ये पॅरिसचे मज्जातज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी डावी बाजू लुळी पडलेले असे रुग्ण नोंदवले, ज्यांना आपण लुळे पडलोय याचा पत्ताच नव्हता. या अवस्थेला त्यांनी ॲनोसोग्नोसिया हे नाव दिलं. आजाराची जाण देणारी यंत्रणाच आजारानं बंद पाडावी, असा हा प्रकार. स्मृतिभ्रंशात हेच घडतं, पण सगळ्यांत सारखं नाही आणि एका दिवसात नाही. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी ज्या ५१ वर्षांच्या ऑगुस्ट डेटर यांना तपासलं, त्या स्वतःचं नाव लिहिता लिहिता अडकल्या आणि 'मी स्वतःला हरवून बसले आहे' अशा अर्थाचं बोलल्या. वैद्यकाच्या इतिहासातल्या या पहिल्या अल्झायमर रुग्णाला आपलं काय होतंय याची झळ लागली होती. आज डॉक्टर ही जाण मोजतात ती अगदी साध्या पद्धतीनं. तेच प्रश्न रुग्णाला विचारायचे आणि घरच्या माणसाला वेगळं बसवून विचारायचे: तारखा लक्षात राहतात का, सुट्टे पैसे मोजता येतात का, औषधं स्वतः घेता येतात का, सांगितलेला निरोप पोचतो का? बाबा म्हणतात "सगळं येतं", सून म्हणते "गेल्या दिवाळीपासून नाही". या दोन उत्तरांतली तफावत म्हणजे हरवलेल्या जाणिवेचं माप. लंडनच्या संशोधकांनी याची एक पटण्याजोगी कारणमीमांसा मांडली आहे. आपण कसे आहोत याची नोंद मेंदू सतत ताजी करत असतो. अल्झायमरमध्ये नवी आठवणच टिकत नाही, त्यामुळे कालची चूक नोंदीत उतरत नाही आणि माणूस पाच-दहा वर्षांपूर्वीच्या स्वतःलाच आजचा स्वतः समजतो. तो खोटं बोलत नसतो. त्याच्या नोंदीप्रमाणे तो खरंच सगळी बिलं वेळेवर भरत असतो.

प्रकाराप्रकाराप्रमाणे या दोन्ही लक्षणांचं गणित बदलतं, आणि घरच्यांनी ते समजून घेणं हिताचं आहे. अल्झायमरमध्ये सुरुवातीला बऱ्याच जणांना आपण विसरतोय हे ठाऊक असतं. काही जण ते चिठ्ठ्या लिहून, विषय बदलून झाकतातही. आजार वाढतो तशी जाण ओसरते आणि उमेदही. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात क्रम उलटा असतो. तो बहुधा ४५ ते ६५ या वयात, म्हणजे नोकरीत असतानाच सुरू होतो. स्मरणशक्ती बरी असते, पण उमेद, दुसऱ्याच्या भावनांची कदर आणि स्वतःकडे बघण्याची नजर पहिल्या फटक्यातच जाते. बायको तापानं फणफणली आहे आणि नवरा शांतपणे जेवायला कधी वाढणार ते विचारतो. घरात याला कोडगेपणा म्हटलं जातं, आजार हा शब्द कोणाच्या डोक्यातही येत नाही. हा आजार आनुवंशिक असलेल्या कुटुंबांचा केंब्रिजच्या संशोधकांनी अभ्यास केला. २०२१ मध्ये त्यांनी दाखवलं की सदोष जनुक असलेल्यांमध्ये इतर लक्षणं दिसण्याच्या आधीच ॲपथी डोकं वर काढते आणि पुढच्या बौद्धिक घसरणीचा अंदाज तिच्यावरून बांधता येतो. रक्तवाहिन्यांच्या स्मृतिभ्रंशात, विशेषतः मधुमेह आणि रक्तदाबानं मेंदूतल्या बारीक वाहिन्या बंद पडत गेल्या की, माणूस मंदावतो, बोलणं कमी होतं, पण आपलं काहीतरी बिघडलंय हे त्याला अनेकदा उमगत असतं. लेवी बॉडीच्या प्रकारात दिवसादिवसात, कधी तासातासात फरक पडतो. सकाळी माणूस 'मला कोपऱ्यात मुलं दिसतात, पण ती खरी नाहीत हे कळतं' असं स्वच्छ सांगतो आणि संध्याकाळी त्याच मुलांना हाकलायला उठतो. घरच्यांना वाटतं नाटकं करतात. नाटक नसतं, तो चढउतार हीच त्या आजाराची खूण आहे.

उमेद आणि जाण यांचा एकमेकींशी काय संबंध? संशोधक सर्जिओ स्टार्कस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या रुग्णांचा काही काळ पाठपुरावा केला आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडला की ज्यांना सुरुवातीला आजाराची जाण कमी, त्यांच्यात पुढे ॲपथी वाढण्याची शक्यता जास्त. हे तर्कालाही धरून आहे. माणूस हालचाल करतो ती काहीतरी कमी पडतंय हे जाणवल्यामुळे. दाढी वाढली आहे हे जाणवलं की तो वस्तरा शोधतो, हिशेब चुकला हे जाणवलं की पुन्हा बेरीज करतो. आपली चूक टिपणारे आणि आपल्याला कामाला जुंपणारे मेंदूचे भाग मोठ्या प्रमाणात तेच किंवा शेजारशेजारचे आहेत. चूक टिपणंच थांबलं, तर दुरुस्तीची ओढ कुठून येणार? म्हणूनच 'मनावर घेतलं तर होईल' हा उपदेश वाया जातो. मनावर घेणं ज्या यंत्रणेचं काम, तीच आजारी आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो आपल्या संस्कारांतून. म्हातारपणी माणसानं संसारातून मन काढून घ्यावं, हे तर आपण शिकत आलो. मग शांत बसलेल्या वडिलांना रोगी का ठरवायचं? आक्षेप वजनदार आहे आणि सरसकट उत्तर देऊन भागणार नाही. विरक्ती ही निवड असते. विरक्त माणूस पारायणाला वेळेवर बसतो, कोणी आजारी असेल तर विचारपूस करतो, नको त्या गोष्टीला 'नको' म्हणतो. ॲपथीत 'नको' म्हणायचीही इच्छा उरत नाही. कसोटी शेजारच्या म्हाताऱ्याशी तुलनेची नाही, त्याच माणसाच्या पूर्वीच्या स्वभावाशी तुलनेची आहे. जन्मभर अबोल असलेले अबोल राहिले तर चिंता नाही. पण रोज पेपर वाचून नाक्यावर वाद घालणारा माणूस पेपरची घडीही मोडेनासा झाला, तर ती धोक्याची घंटा. तज्ज्ञांच्या निकषांतही असा बदल किमान चार आठवडे टिकलेला असणं ही अट आहे. आणि आपल्या अपेक्षांमुळे आजार झाकला जातो याला पुरावा आहे. २००८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत रूढ निकष लावले, तेव्हा भारतातल्या ग्रामीण भागात ६५ वर्षांपुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंश निघाला अवघा ०.३ टक्के, क्युबात ६.३ टक्के. विकसनशील देशांसाठी तयार केलेले दुसरे निकष लावल्यावर मात्र पाहणीतल्या सर्वच ठिकाणी प्रमाण ५.६ ते ११.७ टक्क्यांच्या दरम्यान आलं. संशोधकांनी दिलेलं एक कारण असं की इथले नातेवाईक घसरण सांगतच नाहीत. 'आई, आता तू काही करू नकोस, आराम कर' असं प्रेमानं म्हणून आपण तिच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेतो, आणि मग तिला कोणतं काम जमेनासं झालं हे कळायला मार्गच उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. ज्याला आजार कळतच नाही, तो सुखी नाही का? जाणीव करून देऊन दुःख का द्यायचं? यात तथ्य आहे. जाण शाबूत असलेल्या रुग्णांमध्ये खिन्नता जास्त आढळते असं काही अभ्यास सांगतात. त्यामुळे रोज सकाळी 'तुम्हाला अल्झायमर आहे' असं बजावण्यात काहीही शहाणपण नाही. पण जाण नसणं निर्धोकही नाही. असाच माणूस गॅस उघडा ठेवतो, रेल्वे फाटकाकडे एकटा निघतो, कोऱ्या कागदावर सही करतो, रक्तदाबाची गोळी दोनदा घेतो. शिवाय कळत नाही म्हणजे लागत नाही, असंही नाही. प्रयोगात मुद्दाम जमणार नाहीत अशी कामं दिली, तेव्हा 'मला छान जमलं' म्हणणाऱ्या रुग्णांच्या चेहऱ्यावरही अपयशाचा ताण उमटला. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. काही मिनिटांत फितीत काय होतं ते रुग्ण विसरले, पण दुःख मागे राहिलं, आणि ज्यांना कमी आठवत होतं त्यांच्यात ते जास्त टिकलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृतचे पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागोमाग जाऊन हरवतात. स्वतःच्या लेकीची ओळख पुसट झालेला हा माणूस माहुताच्या बायकोच्या मायेला मात्र लगेच प्रतिसाद देतो. विज्ञान जे मोजून सांगतं, तेच इथे दिसतं. आपण सकाळी ओरडलो हे बाबा विसरतील, पण त्या ओरडण्यानं दुखावलेलं मन दुपारपर्यंत तसंच राहील.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: औषधच नाही, तर निदानासाठी पैसे आणि सुट्ट्या का घालवायच्या? एक तर, सगळ्याच विसरण्यामागे न बरा होणारा आजार नसतो. जीवनसत्त्व ब-१२ ची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, पडल्यावर मेंदूवर साचलेलं रक्त यांतूनही माणूस असाच मंदावतो आणि यांवर इलाज आहेत. दुसरं, प्रकार कळल्यावर औषधाची निवड बदलते. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन यांसारख्या औषधांचा अल्झायमरमध्ये काहीसा आणि लेवी बॉडीमध्ये अनेकदा चांगला उपयोग होतो; फ्रंटोटेम्पोरलमध्ये त्यांचा फायदा दिसत नाही, कधी वागणं अधिकच बिघडतं. लेवी बॉडीच्या रुग्णाला भास थांबवण्यासाठी हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर अंग ताठरून जिवावर बेतू शकतं. खुद्द ॲपथीवर २०२१ मध्ये जाहीर झालेल्या २०० अल्झायमर रुग्णांच्या चाचणीत मेथिलफेनिडेट या औषधानं सहा महिन्यांत थोडा फरक पाडला. थोडाच, पण पडला. ते अर्थातच डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं औषध आहे. आणि तिसरं, निदानानं घरातला रोष निवळतो. 'मुद्दाम करतात' याऐवजी 'होत नाही त्यांच्याकडून' हे उमजणं, ही सांभाळणाऱ्यासाठी मोठी सुटका असते. ॲपथी आणि जाणिवेचा अभाव हे दोन्ही सांभाळणाऱ्याचा भार वाढवतात, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सेवेला दाद नाही, उलट 'तू कोण मला औषध देणारी' हे ऐकून घ्यायचं, यानं भलीभली माणसं खचतात.

मग करायचं काय? आजार कबूल करायला लावण्याचा हट्ट सोडायचा. वादात जिंकून काही हाती लागत नाही. डॉक्टरकडे न्यायला 'तुमचं डोकं तपासायचंय' म्हणण्यापेक्षा 'साठीनंतरची सगळी तपासणी करून घेऊ' हे वाक्य खरंही आहे आणि चालतंही. कामाची सुरुवात आपण करून द्यायची: शेंगांची परडी समोर ठेवून पहिली शेंग आपण सोलायची आणि दुसरी त्यांच्या हातात द्यायची. 'काय करू या?' हा प्रश्न अशा माणसाला बंद दारासारखा वाटतो. 'फिरायला जायचं की गाणी लावू?' याला तो उत्तर देऊ शकतो. ज्यानं तीस वर्षं लेथवर काम केलं, त्याला नट-बोल्ट वेगवेगळे करणं रमवेल. जिनं शिवण केलं, तिला चिंध्यांच्या घड्या. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ओळखीचं संगीत यांनी आतला स्टार्टर दुरुस्त होत नाही, पण बाहेरून धक्का मिळतो. बाबा सकाळपासून रात्रीपर्यंत एकटे असतील, तर शेजारी, ज्येष्ठ नागरिक संघ, इमारतीतली मंडळी यांना स्पष्ट सांगून ठेवावं. लपवल्यानं अब्रू राहत नाही, धोका मात्र वाढतो. पहिल्या तपासणीसाठी उल्हासनगरचं सरकारी मध्यवर्ती रुग्णालय जवळ आहे. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर, तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ वर मिळते. जाताना घरच्या माणसानं गेल्या वर्षभरात नेमकं काय काय बदललं याची यादी कागदावर लिहून न्यावी, कारण तपासणीच्या खोलीत रुग्ण 'सगळं ठीक आहे' असंच सांगणार आहे, आणि दहा मिनिटांत डॉक्टरचा त्यावर विश्वासही बसू शकतो.

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण स्वतःहून दवाखान्याची पायरी चढेल, ही अपेक्षा चुकीची आहे. आजाराचं स्वरूपच तशी अपेक्षा ठेवू देत नाही. तक्रार करण्याची त्याची उमेद आणि तक्रार आहे हे कळण्याची त्याची जाण, दोन्ही गेलेल्या असू शकतात. म्हणून ते काम घरच्यांकडे येतं. तुमच्या घरातलं एखादं माणूस गेल्या काही महिन्यांत त्याच्या स्वभावाला न शोभेल इतकं गप्प झालं असेल, तर त्याच्या 'मला काही झालेलं नाही' वर विसंबू नका. या महिन्यातच त्याची तपासणी करून घ्या, आणि तोवर त्याला आळशी म्हणू नका.